ढ्यांडशची झिमली

सुदेष्णा पाकडाशी हे नाव चंदननगरात फक्त रेशनकार्डावर. बाकी सगळ्यांची ती झिमली. बाप रोषणाईचा कारागीर, आणि झिमली त्याच्याच कारखान्यात बल्बांच्या माळा ओवत वाढलेली. माळा चालू-बंद करायला तिथे एक लाकडी रूळ फिरायचा, त्यावर तांब्याच्या पट्ट्या. खट्, खटाखट्, खट्. पोरगी त्या तालावर कविता म्हणायची. कविता तरी कसल्या, तर जुन्या काळच्या ऊटपटांग कविता, बंगाल्याच्या पोराला दात यायच्या आधी पाठ असतात त्या:

किटलीला फुटलं शेपूट लांब,
ती म्हणे चहाला, जरासा थांब.

अर्थ विचारायचा नाही. विचारणाऱ्याला आमच्याकडे बिनडोक म्हणतात.

त्या तालातूनच पुढे त्या कवितांना सहा चाली निघाल्या आणि चालींतून बँड. नाव ठेवलं ‘ढ्यांडश’, म्हणजे भेंडी. शाळेतले मास्तर ढ पोराला जी हाक मारतात ती. झिमली गायची, नोटन ढोल बडवायचा, आणि कोलकात्याहून रेल्वेने एक गिटारवाला यायचा, अर्कप्रभ लाहिडी. दिसायला गोरागोमटा, बोलायला लोणी. झिमलीची आई त्याला पाबदा माशाचं कालवण करून वाढायची. मेल्याने तीन-तीनदा भात मागून खाल्ला त्या घरात.

आणि मग एके दिवशी यायचा बंद झाला. थोड्या महिन्यांत त्याचा स्वतःचा बँड निघाला, त्यात झिमलीच्या साही चाली, आणि खाली ‘संगीत: अर्कप्रभ’. मुलाखतीत म्हणाला, लहानपणी आजीच्या मांडीवर सुचल्या. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा.

झिमलीने फोन केला. तो हसला. “शब्द मेलेल्या कवीचे, चाल म्हणजे हवा. त्यात तुझं काय गं?”

तिने फोन ठेवला आणि डूख धरला. रडली नाही. आईला म्हणाली, “त्याच्या तोंडून माझं नाव वदवून घेईन, तेही माणसांसमोर.” बाप म्हणाला, सोडून दे. असं सोडून द्यायला सांगणाऱ्यांचं कधी काही चोरीला गेलेलं नसतं.

दोन वर्षांनी जगद्धात्री पूजेच्या जलशाला आमच्या पाड्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, क्लबाने कोणाला बोलवावं? अर्कप्रभलाच. क्लबाचे सेक्रेटरी बटुकदा ओशाळून झिमलीकडे आले.

“रागावू नकोस, बाई. पोरांचा हट्ट. तू आधी दोन गाणी म्हणशील का? पाड्याचा कलाकार आधी, ही आपली रीत आहे.”

“म्हणेन की,” झिमली म्हणाली. “आणि पाहुण्याला उशीर झाला तर?”

“तर तो येईपर्यंत तूच सांभाळ. रिकामं स्टेज दिसलं की लोक खुर्च्या मोडतात.”

झिमलीला तेवढंच हवं होतं. पूजेच्या संध्याकाळी गावात गाडी शिरत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शहाणा माणूस रेल्वेने येतो, स्टेशनावरून चालत येतो. पण अर्क आता मोठा झाला होता, थंड गाडीतूनच येणार. यायला निघाला आणि अडकला गर्दीत.

झिमली स्टेजवर चढली, नोटनने ढोल मांडला. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. बटुकदा पडद्याआडून हात फिरवत होते, चालू ठेव, चालू ठेव. तिने तिसरं घेतलं, चौथं घेतलं. पोरंटोरं, मावश्या, दुर्गापूरहून आलेले जावई, सगळे तिच्याबरोबर ओरडून गात होते. साही गाणी झाली, एक शिल्लक ठेवलं नाही. मग नोटनसकट खाली उतरून पहिल्या रांगेत बसली आणि घुगनीची, म्हणजे वाटाण्याच्या उसळीची, वाटी मागवली.

अर्क आला तो घामाने निथळत. दम न खाता किटलीचं गाणं सुरू केलं.

“अहो, हे झालं आत्ताच,” मागून एक मावशी म्हणाली. “आमच्या झिमलीचं आहे ते.”

त्याने दुसरं धरलं. पोरांनी तेही हाणून पाडलं. तिसऱ्याला हशा पिकला. बटुकदांनी तोंड फिरवलं. अर्कची नजर झिमलीवर पडली आणि त्याला सगळं समजलं.

तो वाकून, माईक बाजूला सारून म्हणाला, “झिमली, ये ना वर. दोघं मिळून गाऊ.”

“आधी माईकवर सांग, चाली कोणाच्या.”

“अगं, इतक्या लोकांत?”

“इतक्या लोकांतच.”

त्याने माईक पुन्हा तोंडाशी ओढला. “या सगळ्या चाली सुदेष्णा पाकडाशीच्या आहेत,” तो म्हणाला. पाड्याने टाळ्यांचा कडकडाट केला, झिमलीची आई पदराने डोळे पुसायला लागली. अर्क सुटल्यासारखा हसला, हात पुढे केला. “झालं? आता ये.”

इथे दुसरी कोणी असती तर विरघळली असती. लोकांनाही वाटलं, जाईल. पण झिमलीला आईचा तीनदा वाढलेला भात आठवत होता.

“माझं मी गाऊन बसलेय,” ती म्हणाली. “आता तुझं गा. तुझं स्वतःचं काहीतरी.”

अर्कने तारा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या. मग तिच्याकडे बघून अगदी हळू म्हणाला, “माझं काही नाहीये गं.” माईक तोंडाशीच होता. बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

नोटनला त्याची दया आली, तो ढोल घेऊन वर निघाला. झिमलीने त्याच्या शर्टाचं टोक धरून त्याला खाली बसवलं. अर्क तसाच उभा राहिला, आणि देवीच्या भोगाची खिचडी आल्यावर लोक उठून जेवायला गेले.