न बोललेलं वाक्य

साठीच्या दशकातली, अगदी सुरुवातीची एक दुपार. बेंगळूरच्या विधानसभेत जेवणानंतरचं कामकाज चाललं होतं, आणि मी सभागृहाच्या मधोमध टेबलाशी पेन्सिल धरून बसले होते... वय वर्षं बावीस.

मी तिथे रिपोर्टर होते. पेपरची नव्हे हं, सभागृहाची! आमदार बोलतील तो शब्दन् शब्द शॉर्टहँडमध्ये उतरवायचा, दहा मिनिटांनी पुढचा रिपोर्टर आला की उठायचं आणि खाली जाऊन सगळं टाइप करायचं. आमच्या मल्लेश्वरमच्या घरात मराठी असली तरी दाराबाहेर पाऊल टाकलं की कन्नडच, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती.

अडचण होती माझ्या तंद्रीची. घरात दूध उतू जायचं ते माझ्या डोळ्यांसमोर. अण्णा, म्हणजे माझे वडील, हसून म्हणायचे, "आमची पोरगी बसते इथे, राहते भलतीकडेच. स्वल्प खाली ये गं बाई!"

आमचे चीफ मात्र हसण्यातले नव्हते. "कान आणि हात. मधे मन आणायचं नाही," हे त्यांचं रोजचं पालुपद. माझा प्रोबेशनचा शेवटचा महिना होता. अण्णांची नजर अधू झाल्यापासून त्यांचं शिवणकाम बंद पडलेलं, घर माझ्या एकटीच्या नोकरीवर... एक चूक आणि सगळे उघड्यावर, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुपारी रस्ते आणि पुलांच्या मागण्या चालल्या होत्या. उंच खिडक्यांतून तिरकं ऊन उतरलं होतं, पंखे संथ फिरत होते. निम्मी बाकं रिकामी, उरलेल्यांपैकी बरेच जण डोळे मिटून 'विचार' करत होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक वयस्कर आमदार उठले. मलनाडचे, म्हणजे घाटमाथ्यावरच्या दाट रानातले. अख्ख्या अधिवेशनात त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्यांना गावच्या नदीवर माणसांपुरता एक छोटा पूल हवा होता.

हळू, थांबत थांबत बोलत होते ते. शाळा पलीकडच्या काठावर आहे, पोरं वेताच्या गोल नावेतून जातात, बुट्टीसारखी असते, खालून चामडं लावलेलं. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की काठ दिसत नाही, आणि नाव स्वतःभोवती गिरक्या घेत जाते...

आणि मी गेले. खरंच गेले. बोटांना गार पाणी लागत होतं, शेजारची मुलगी पाटी पोटाशी धरून बसली होती, धुक्यातून नावाड्याचा आवाज तेवढा येत होता. कुठे सभागृह आणि कुठे पेन्सिल!

खांद्याला कुणीतरी हात लावला. पुढचा रिपोर्टर आला होता... आणि माझ्या वहीत अर्धं पान कोरं!

चीफना खरं सांगायचा धीर होईना. खाली टाइपरायटरसमोर डोळे मिटून बसले आणि ती नदी परत बोलावली... आश्चर्य म्हणजे आली. एकामागून एक वाक्यं आली, मी टाइप करत गेले.

चीफनी कागद वाचले आणि पहिल्यांदाच "बरं आहे" म्हणाले. मग मलाच आमदारांकडे पाठवलं. छापण्याआधी प्रत्येकाला त्याचं भाषण दाखवायचं, काही चुकलं असेल तर तो दुरुस्त करतो, अशी पद्धत होती.

आमदार व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत वाचू लागले. एका ठिकाणी बोट थांबलं.

'नावाडी पोरांना दोनदा मोजतो. एकदा या काठावर, एकदा त्या काठावर.'

"हे मी बोललो का, अम्मा?"

नव्हते बोलले! लख्खकन लक्षात आलं. ते वाक्य माझं होतं, माझ्या नावेतलं. सभागृहाच्या नोंदीत कुणीच न बोललेलं वाक्य... रडवेली होऊन सगळं सांगून टाकलं, तंद्री, कोरं पान, सगळं. "मी खोडते ते," म्हणत पेन्सिल पुढे केली.

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "बोलायचं होतं. गावाहून ठरवून आलो होतो. उभा राहिलो आणि तोंडातून निघेना... गेल्या पावसाळ्यात त्या काठावर एक कमी भरलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मोजणारा माझा धाकटा भाऊ. तेव्हापासून नदीकडे फिरकत नाही तो."

त्यांनी माझी पेन्सिल हलकेच बाजूला केली आणि खाली सही ठोकली. "इरली बिडम्मा," म्हणाले. राहू दे गं. "आत निदान एक जण तरी ऐकत होतं."

चीफना मी हे कधीच सांगितलं नाही. महिन्याभरात कायम झाल्याचं पत्र मिळालं. त्या संध्याकाळी अण्णांना ते वाचून दाखवलं.

तीन-चार वर्षांनी ऑफिसच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. नाव ठाऊक नसावं, वर नुसतं 'त्या रिपोर्टर अम्मांस' असं लिहिलेलं. आत कन्नडमध्ये एकच ओळ.

'पूल झाला. आता पोरं मोजावी लागत नाहीत.'

पूल माझ्यामुळे झाला असं मी मुळीच म्हणत नाही. पण पुढे निवृत्त होईपर्यंत जे लिहिलं ते सगळं दुसऱ्यांचं... माझं म्हणावं असं तेवढं एकच वाक्य, आणि ते त्या आमदारांच्या नावावर आहे. तिथेच असू दे.