नागपूरच्या वेशीवर जीप बंद होईना

नगरहून उजाडता उजाडता निघालो, तेव्हा निरोप द्यायला आलेले शेजारी हात हलवता हलवता खोकायला लागले. आमच्या जीपने गल्लीभर निळा धूर करून ठेवला होता. माझे यजमान यशवंत खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "म्हातारी आहे हो, विडी सुटत नाही तिची!" सगळे हसले. मी हसले नाही. मांडीवर तेलाचा डबा घेऊन प्रवासाला निघायची माझी ती पहिलीच वेळ होती.

जीप जुनी होती. कुणा आधीच्या मालकाने तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं, आणि ते इंजिन डिझेलपेक्षा तेलच जास्त पितं की काय असं वाटे. नणंदेच्या मुलाची मुंज होती. कुसुम, म्हणजे माझी नणंद, नागपूरजवळ खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायची. भांडी, फराळाचे डबे, आहेराच्या पिशव्या एवढं सामान घेऊन रेल्वेने कुठे जायचं, असं म्हणून यशवंतांनी जीप काढली.

औरंगाबादला चहा घेतला, जालन्याच्या पुढे झाडाखाली दशम्या खाल्ल्या, मुक्काम मेहकरला केला. प्रत्येक ठिकाणी आधी बॉनेट उघडायचं, पट्टी बाहेर काढून तेल बघायचं आणि डबा ओतायचा. "थोडं जास्तच असू दे, वाटेत कमी पडायला नको," असं म्हणून यशवंत खुणेच्या वर तेल भरत. इंजिनातून टकटक येई. मी ती मोजत बसे, आणि एखादी चुकली की पुन्हा पहिल्यापासून मोजे. एकदा म्हटलंही, "अहो, अमरावतीला कुणाला तरी दाखवू या." ते म्हणाले, "आता काय, नागपूर आलंच."

तळेगाव मागे पडलं आणि पळसाचं रान लागलं. पानं गळालेल्या झाडांवर नुसती केशरी फुलं, दुपारच्या उन्हात डोळ्यांना लागतील अशी. कोंढाळीच्या पुढे एका लांबलचक चढावर इंजिनाचा आवाज बदलला. आधी वाटलं, यशवंतांनी वेग वाढवला. बघते तर त्यांचा पाय वर उचललेला, आणि जीप आपणहून पळत होती.

त्यांनी क्लच दाबला, गाडी बाजूला घेतली आणि गिअर काढला. इंजिन शांत व्हायचं सोडून किंचाळायलाच लागलं. बंद करायची तार त्यांनी ओढली, पुन्हा ओढली. काही उपयोग नाही. आवाज चढतच गेला. पत्रा, बाक, माझे दात, सगळं थरथरत होतं, आणि पांढऱ्या धुरात समोरचा रस्ता दिसेनासा झाला. चावी हातात, डिझेल बंद, तरी यंत्र चालूच, हे माझ्या डोक्यात शिरेना. माणसाला वेड लागावं तसं काहीतरी ते होतं.

"उतर! लांब पळ!" यशवंत ओरडले.

मी पळाले. मागे वळून पाहिलं तर ते बॉनेट उघडून आत वाकलेले. हवा आत जाते त्या नळीवर त्यांनी तळहात दाबला आणि दुसऱ्याच क्षणी झटक्याने मागे ओढला. तो उजवा हात नेमका तापलेल्या धुराड्यावर पडला. त्यांची किंकाळी मला ऐकू आली नाही, फक्त उघडलेलं तोंड दिसलं.

तेवढ्यात मागून आलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने पाण्याच्या पिंपाला गुंडाळलेलं ओलं पोतं खेचून काढलं, धावत आला, यशवंतांना खांद्याने बाजूला केलं आणि पोत्याचा बोळा नळीच्या तोंडात कोंबला. इंजिन घुसमटलं, दोन-चार आचके देऊन थांबलं. मग एवढी शांतता झाली की रानातल्या होल्यांचं घुमणं ऐकू आलं.

"हात काहून घातला गा भाऊ?" तो ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला. त्याचं नाव महादेव. "बोटंच घेऊन गेलं असतं ना ते!"

त्याने दोर बांधून जीप नागपुरात ओढत आणली. दोराच्या मागे, बंद इंजिनाच्या गाडीत बसूनही मी प्रत्येक चढाला दार धरून उडी मारायच्या तयारीत होते. रामदासपेठेत एका डॉक्टरांनी यशवंतांचा हात धुऊन भलामोठा पांढरा गठ्ठा बांधला. जीप महादेवच्या ओळखीच्या गुलाबराव मिस्त्रींच्या गॅरेजात, कामठी रोडला ठेवली, आणि आम्ही खापरखेड्याला पोहोचलो. कुसुमच्या अंगणातून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा बारीक थर बसे. मुंज छान झाली म्हणतात. मला आठवतं ते एवढंच, की बँडवाल्यांनी सुरू केलं आणि मी हातातलं ताट टाकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी एकटीच बसने गॅरेजात जाऊ लागले. यशवंत काही ना काही कारण काढून मागे राहत. हात ठणकतो, पाहुणे आहेत, ऊन फार आहे. पाहुण्यांना मात्र ते सगळा प्रसंग रंगवून सांगत आणि हसवत.

गुलाबराव मोठ्या आवाजाचा, घाईचा माणूस. लग्नसराई असल्याने अंगणात ट्रकांची रांग होती. मी घाबरत विचारलं, "सुरू करून बघणार का?"

"पागल झाल्या का बाई? हे कोन सुरू करते आता!" त्यांनी पुढून हँडल घालून इंजिन हातानेच फिरवलं. डिझेलचं इंजिन असं एका हाताने फिरू नये म्हणे. "पाहा, पोकळ फिरून राहिलं. दमच नाही." मग वरच्या भोकांतून थोडं थोडं तेल आत सोडलं आणि हँडल माझ्या हाती दिलं. आता ते जड लागलं, अडलं. "तेलानं फट बुजली, म्हनून दम आला. म्हंजे रिंगा गेल्या अन् सिलिंडरबी घासलं." सिलिंडर म्हणजे आतल्या विहिरी, ज्यांत पिस्टन वरखाली होतात, आणि रिंगा म्हणजे त्या पिस्टनभोवतीची, फट बुजवणारी कडी.

इंजिन उघडल्यावर त्यांनी माझं बोट एका विहिरीच्या काठावर फिरवलं. वर एक कंगोरा राहिला होता, नख अडकेल एवढा. खाली भिंत झिजून मोठी झाली होती. त्या फटीतून जाळाची हवा खाली शिरायची, तळातल्या तेलाचा धूर करायची, आणि तो धूर एका नळीने पुन्हा इंजिनाच्या तोंडी जायचा. वर आम्ही तेल भरलेलं खुणेपेक्षा जास्त. "डिझल बंद केलं तं काय झालं? आपलंच तेल पिऊन पळत होतं ते. असं इंजिन पळालं का आवरत नाही जी."

म्हणजे आम्ही वाटभर त्याला पाजत आलो होतो. ते कळल्यावर भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली.

विहिरी लेथवर मोठ्या करून आल्या, नव्या मापाचे पिस्टन आले, रिंगा आल्या. गुलाबरावांच्या घरी, म्हणजे गॅरेजच्या मागेच, त्यांच्या पत्नी मला रोज जेवायला बसवत. "लाजू नका वं बाई," म्हणत गोळाभात, म्हणजे डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात, वाढायच्या, वर कढवलेलं तेल, आणि सांबार (आपली कोथिंबीर) घालून केलेली वडी. वाळ्याच्या ओल्या पडद्याआड ते जेवण गार वाऱ्यात घशाखाली उतरे. पण बाहेर एखादा ट्रक सुरू झाला की माझा घास हातातच राही.

जोडणीच्या दिवशी मी विचारलं, "इतकं किंचाळलं ते, आत काही तडकलं नसेल ना?"

"क्रँक पाहिला ना मी! रॉकेलात बुडवून, पुसून, खडूची पूड लावली. चीर असती तं आतलं रॉकेल बाहेर आलं असतं, रेघ उमटली असती."

"आणि हे दांडे?" पिस्टनला क्रँकशी, म्हणजे खाली फिरणाऱ्या मुख्य आसाशी, जोडणारे चार लोखंडी दांडे कागदावर पुसून ठेवले होते.

"दांड्यांले कोन पाहते बाई? चांगले धडधाकट हायेत."

"मला बघायचंय."

"काहून एवढ्या घाबरून राहिल्या तुमी?"

"घाबरलेय म्हणूनच म्हणते," मी म्हटलं. "त्या गाडीत मला बसायचंय."

चिडून त्यांनी दांडे रॉकेलात टाकले. बऱ्याच वेळाने काढून कोरडे पुसले, वर पांढरी पूड थापली आणि दुसऱ्या कामाला गेले. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. पहिला पांढरा राहिला. दुसराही. तिसऱ्यावर, खालच्या बोल्टाजवळ, केसाएवढी काळी रेघ हळूहळू उमटत गेली. मी हाक मारली.

गुलाबराव आले, वाकले. बोटाने पूड पुसली, पुन्हा लावली. रेघ पुन्हा आली. ते तिथेच खाली जमिनीवर बसले.

"माह्या भावाचा पाय असाच गेला," ते म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "इंजिनाच्या बाजूले उभा होता. दांडा तुटला, बाजूचं लोखंड फोडून बाहेर आला. त्या दिवसापासून मी दांडे पाहूनच जोडत होतो. यंदा घाईत..." त्यांनी उठून चारही दांडे भंगारात फेकले आणि स्वतः सायकलवर नवे आणायला गेले.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना त्यांनी सगळ्यांना रस्त्यापलीकडे पाठवलं. एका हातात हवेच्या तोंडावर मारायला लाकडी फळी, आणि कपाळावर घाम. इंजिन लागलं. मी कान हातांनी झाकले होते. बघते तर ते एकसारखं, खालच्या सुरात चाललं होतं आणि मागे धुराचं नाव नव्हतं. गुलाबरावांनी फळी तरीही खूप वेळ खाली ठेवली नाही.

"आता पाचशे मैल हळू चालवा. जोर द्यायचा नाही," ते मला म्हणाले. मला, कारण यशवंतांचा हात अजून बांधलेलाच होता. नगरमध्ये मंडईपर्यंत जीप नेणारी मी, आता तिला नागपूरहून घरी न्यायची होती.

निघताना यशवंत गमती करत होते. नागपूरबाहेरची वाडी सुटल्यावर गमती थांबल्या. कोंढाळीकडचा तो भाग आला तेव्हा माझे हात चाकावर घामाने सरकत होते. मी ऐकत होते ते फक्त इंजिन. समोरून एका ट्रकने भोंगा वाजवला आणि मी जीप कडेला घेऊन थांबवली. धीर मिळावा म्हणून यशवंतांकडे पाहिलं. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले, बऱ्या हाताने दाराची कडी आवळून धरलेली, ओठ पांढरे.

"अहो?"

"मी त्या गॅरेजात का येत नव्हतो, कळलं ना आता?" डोळे न उघडता ते म्हणाले. "मला पुन्हा हिला हात लावता येईल असं वाटत नाही गं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. वाटे, घरातली भीती सगळी माझ्याच वाट्याला आली आहे. मी बाटलीतलं पाणी त्यांना दिलं, उरलेलं माझ्या तोंडावर मारलं. "मग मी चालवते," म्हटलं, आणि गिअर टाकला. भीती गेली नव्हती, पण आता गाडीत दोघांपैकी एकाने रस्त्याकडे बघणं भाग होतं.

नगरला पोहोचल्यावर बायका विचारायला आल्या, नागपूर कसं आहे, काय काय पाहिलं. सीताबर्डीचा किल्ला मी लांबूनच पाहिला, तलाव बसमधून पाहिले, संत्र्यांचा मोसम सरत आला होता. सांगण्याजोगं काहीच पाहिलं नाही असं मी म्हटलं, तेव्हा यशवंत आतून बाहेर आले. हसवण्यासारखं काहीतरी बोलतील म्हणून सगळ्या त्यांच्याकडे वळल्या. ते म्हणाले, "मी फार घाबरलो होतो. गाडी हिने आणली." एवढंच बोलून ते माझ्या शेजारी ओट्यावर टेकले.