अख्ख्या वाडीचा एकच नंबर

मोबाईलचा शोध कुणी लावला, हे मी लगेच सांगेन. पण एका मोबाईलमध्ये किती माणसं अडकू शकतात? हे मला खरंच माहीत नाही. तुमच्या नंबरावर किती घरं आहेत?

कापडे गावाजवळच्या आमच्या वाडीतले पुरुष मुंबईला, त्यांचे फोनही तिकडेच. कॉलेजला जाणारी मी पहिली, म्हणून माझा फोन गावात राहिला. गॅस, बँक, रेशन, सगळ्यांच्या अर्जावर माझाच नंबर लागला. ओटीपी मलाच येतात.

उद्या पुण्यात नोकरीवर रुजू व्हायचंय. आज महाड डेपोत एसटीत बसले, तोच महाडच्याच बँकेतून, तिथल्या साहेबांच्या मोबाईलवरून, शेजारच्या शालन काकींचा फोन.

"गो, आकडा आला काय? सायेब खोळंबलाय."

मी आकडा सांगितला. "काकी, आता घाटात रेंज नाय हां."

"मंग तू घाट चढेपर्यंत आमी बँकेतच बसू काय?"

हसू आलं, मग लक्षात आलं. पुण्यातही मी वाडीतच असणार होते.

गाडीतून उतरले. स्वतःसाठी नवीन सिम घेतलं. जुनं सिम नव्या साध्या फोनमध्ये घातलं, बँकेत जाऊन काकींना मेसेज उघडायला शिकवलं आणि तो फोन त्यांच्या हातात दिला. माझं बँकखातंही त्याच नंबरावर आहे. आता आकडा मी काकींना विचारायचा.

पुढच्या गाडीत बसले आहे.