टाकीतल्या लाकडाची राख

लाकडाच्या कारखान्यात त्यांना सगळे टाकीवाले म्हणत. शाळा, इस्पितळं, नाटकगृहं यांना लागणाऱ्या फळ्या सहज पेटू नयेत म्हणून क्षारांच्या पाण्यात मुरवायच्या, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं त्यांनी फळ्या बुडवल्या, वर काढल्या, वाळत घातल्या. पण मुरवलेलं लाकूड आगीत गेलं की त्याचं काय होतं, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. ते काम तपासणी खात्याकडे.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी बायको गेली. मुलगी दूरच्या शहरात. रविवारी तिचा फोन येई. "बाबा, जेवलात का?" ते "हो" म्हणत, आणि बोलणं तिथेच संपे.

अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर बायको तापवायची. आता ते काम त्यांच्या गळ्यात पडलं. सरपण संपलं तेव्हा भिंतीमागे रचून ठेवलेले फळ्यांचे तुकडे त्यांना दिसले. कारखान्यातून वर्षानुवर्षं त्यांनीच हौसेनं आणलेले. एवढं चांगलं लाकूड हिनं का पडून राहू दिलं, याचं त्यांना नवल वाटलं.

ते लाकूड काही धड पेटेना. जाळ जेमतेम धरायचा आणि मान टाकायचा. धुरानं डोळे चुरचुरायचे. खाली साध्या काटक्या सारून सारून पाणी कसंबसं कोमट व्हायचं. चुलीत उरायचे ते काळे तुकडे, जसेच्या तसे, अंगावरच्या रेघासुद्धा दिसाव्यात असे. ते कुटून राखेसकट त्यांनी लिंबाच्या आळ्यात घातले. बायको चुलीतली राख तिथेच टाकायची, एवढं त्यांना ठाऊक होतं.

दीड-दोन महिन्यांत लिंबाच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग करपल्या. कीड असेल म्हणून ते एकेक पान फडक्यानं पुसत बसले. शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन थांबल्या.

"भाऊजी, आळ्यात राख कसली घातलीत?"

"टाकीच्या लाकडाची. का?"

वहिनी जरा घुटमळल्या. "ताई त्यातली ढलपीसुद्धा चुलीत जाऊ द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, ह्यांचं लाकूड म्हणजे रुसूबाई. जळतही नाही, सरतही नाही, आणि राख झाडांना बाधते. एकदा त्यांचा सगळा घेवडा गेला होता त्यापायी."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही एवढ्या प्रेमानं आणायचात. कशाला बोलतील?"

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले. फाटकावरचा माणूस नवा होता, त्यानं नाव लिहून घेतलं. तपासणी खात्यातल्या बाई मात्र जुन्या, त्यांनी ओळखलं. त्यांनी सारख्या वजनाच्या दोन काड्या घेतल्या, एक साधी आणि एक मुरवलेली, आणि दोन्ही ज्योतीवर धरल्या. साधी भडाभडा जळली, चिमूटभर राख उरली. दुसरी काळी पडली, फुगली, आणि ज्योत बाजूला करताच विझली.

"लाकूड तापलं की त्यातून वायू निघतो, जाळ होतो तो त्याचा," बाई म्हणाल्या. "क्षार असले की वायू कमी निघतो, कोळसा जास्त होतो. आग पसरत नाही, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. पण क्षार कुठे जात नाहीत, राखेतच राहतात. त्यातलं बोरॉन झाडाला सोसत नाही. आणि काका, तो धूरही छातीत घेऊ नका."

"एकतीस वर्षं होतो इथे," ते म्हणाले. "घरी बायकोला माहीत होतं, मला नव्हतं."

बाईंनी काड्या बाजूला ठेवल्या.

घरी येऊन त्यांनी आळ्यातली वरची माती काढून टाकली आणि आठवडाभर बादल्यांनी पाणी ओतून उरलेले क्षार खाली जिरवले. कंबर धरली. उरलेले तुकडे बाईंनी सांगितल्याप्रमाणे कारखान्याची गाडी येऊन घेऊन गेली. लिंबाची एक फांदी वाळली ती वाळलीच. बाकीच्यांना पुढे कोवळी पानं आली.

मग एका सकाळी ते स्वतःहून कुंपणापाशी गेले.

"वहिनी, ती आणखी काय काय म्हणायची?"

वहिनींनी हातातली बादली खाली ठेवली. आठवून आठवून दोन-तीन गोष्टी सांगितल्या. शेवटी म्हणाल्या, "एवढंच आठवतंय बघा, भाऊजी."

"बरं," ते म्हणाले, आणि तरीही बराच वेळ तिथेच उभे राहिले.