मरामाची सोयरीक

माझ्या सासूबाईंना, म्हणजे अल्लीपूरच्या सुलोचनाबाईंना, कुणी 'हे जमणार नाही' म्हटलं की त्या पदर खोचतात. किराणा दुकान त्यांनी असंच चालवलं आणि मरामाही असाच वाढवला.

मरामा ही आफ्रिकेतली रानटी शेंग. माझा मेहुणा पियुष बोट्स्वानात नोकरीला असतो, त्याने सुपारीएवढ्या टणक बिया आणल्या. तिकडे लोक त्या भाजून खातात, चव काजूसारखी. त्यातल्या दोनच उगवल्या. एक रोप बाईंनी आपल्या अंगणात लावलं, दुसरं आमच्याकडे सिंदी मेघेला, लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला दिपालीला पाठवलं. काळ्या मातीत कंद सडेल म्हणून दोन्हीकडे रेतीचे उंच ओटे करवले. रेती वाहिली मी. कंबर आठवडाभर धरली होती.

वेल जमिनीवर पसरला, पानं आपट्यासारखी जुळी. हिवाळ्यात वाळायचा, उन्हाळ्यात कंदातून पुन्हा उठायचा. चौथ्या वर्षी दोन्हीकडे पिवळी फुलं आली. रोज आली, रोज गळली, शेंग एकही नाही. सासरे पुंडलिकराव यांना अल्लीपूरच्या अंगणात त्याच जागी पाण्याची टाकी हवी होती. "दसऱ्यापर्यंत शेंग नाई दिसली, तर मिस्त्री बोलावतो," त्यांनी जाहीर केलं. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला मनापासून वाईट वाटलं.

श्रावणात त्या आमच्याकडे आल्या आणि चहा सोडून आमच्या वेलापाशीच बसल्या. "दिपाली, तुह्या फुलाची मधली काडी आखूड काऊन? माह्या वेलाची तर लंबी हाय!" उत्तरही त्यांनीच दिलं. "एकाच घरात सोयरीक होत नाई, तसं हाय हे. यायले दुसऱ्या घरचा पराग पायजे, लंबीले आखूडचा, आखूडले लंबीचा."

संध्याकाळी त्या अल्लीपूरला परतल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं डबा घेऊन पुन्हा हजर. भाकरी-ठेचा असेल म्हणून मी झाकण उघडलं, तर आत ओल्या फडक्यात फुलं.

"हात नका लावू, जावईबापू, नवरदेव हायेत!"

फूल एक दिवससुद्धा टिकत नाही, म्हणून ही घाई. त्यांनी पराग आमच्या फुलांना लावले, आमची फुलं डब्यात भरली आणि परतीच्या गाडीनं अल्लीपूर गाठलं. पुढे कितीतरी दिवस हेच. कंडक्टर हसायचा, गाव हसायचं, आणि सगळ्यात जास्त मी. आमच्या वेलाला दोन शेंगा धरल्या तेव्हा माझं हसू थांबलं. तिकडचं मात्र बाई काही सांगेनात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अल्लीपूरला पोचलो, तर मिस्त्री फावडं घेऊन उभा.

"खोद," सासरे म्हणाले.

बाईंनी शांतपणे पानं बाजूला केली. खाली गोल, चपट्या शेंगा, मोजता मोजता मिस्त्रीच चुकला. जावयाचा मान विसरून मी जोरात शिट्टी मारली. दिपाली रडत होती आणि हसतही होती. सासऱ्यांनी मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवलं.

शेंगा पिकल्यावर बाईंनी एक बी कढईत भाजली, फोडली आणि दाणा सासऱ्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी चावला, डोळे मिटले, मग पुन्हा हात पुढे केला.

"बाकीच्या खायच्या नाई, पेरायच्या," बाई म्हणाल्या.

सासरे उठले, चपला घातल्या आणि पावलांनी अंगण मोजू लागले.

"टाकी छतावर ठेवू," ते तिकडूनच ओरडले. "इथं चार-पाच वेल लाव, काई लंब्या काडीचे निघतीन, काई आखूड, आपसातच जोडी जमन. तू काय जन्मभर एसटीनंच हिंडशीन?"