कढीपत्त्यावरची पंगत

आमच्या गारखेड्याच्या गल्लीनं परसात फरशी ठोकून मातीचा गळा घोटलाय. ‘अळी मारू नका’ हे माझं पत्रक शेजारच्या काकूंनी लोणच्याच्या बरणीखाली घातलं. त्यांच्या परसात फरशीतून वाचलेल्या, सावलीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या आल्या, तशा काकू रोज त्यांना झापायच्या, "मेल्यांनो, फोडणीपुरता तरी ठेवा!"

रविवारी त्यांच्या मुलानं फवारणीवाला आणला. मी घोषणा देत कुंपणाशी धावलो. काकू झाडापुढं खुर्ची टाकून बसलेल्या.

"खात्याला ताटावरून उठवायचं नाय," त्यांनी मुलाला सुनावलं. "जेवण होऊ दे त्यांचं."

फवारणीवाला चहा पिऊन गेला. लगेच काकू आमच्या दारात.

"तुझे पाहुणे लई खादाड निघाले. कढीपत्ता दे."