खोलीवरचे बुवा

यशोदेचा नवरा गुरुदास तीस-बत्तीस वर्षं मुंबईत छापखान्यात होता, आणि एवढ्या वर्षांत यशोदेने मुंबई पाहिली नव्हती. गावाकडे, परुळ्याच्या बाजूला, याचं कोणाला नवल वाटत नाही. गुरुदास राहायचा गावच्या मंडळाच्या खोलीवर, लालबागच्या एका चाळीत. तिथे एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष पथाऱ्या टाकतात, आणि खोलीवर बाईमाणसाने राहायचं नाही, हा पणजोबांच्या वेळचा नियम. पुरुष तिकडे, बायका इकडे. गणपतीला पंधरा दिवस नवरा आणि बाकी वर्षभर नवऱ्याचा फोन, असा संसार.

त्या संसारात तिने भात लावलं, काजू वेचले, सासूसासऱ्यांची म्हातारपणं काढली, लेकीला, दीपिकाला, वाढवून नागपूरला दिलं. फोनवर तिने विचारावं, कसं चाललंय, तर गुरुदास म्हणायचा, "दिस ढकलतंय." बस, एवढंच. पण त्यावर तिची वर्षंच्या वर्षं निघाली. आपण इथे एकटी, तो तिथे एकटा, म्हणजे दुःख दोघांनी मिळून उचललेलं. दिवेलागणीला घर खायला उठलं की ती तेच आठवी आणि कामाला लागे.

तीन वर्षांपूर्वी तो निवृत्त होऊन घरी आला, तो तोंडात मिठाची गुळणी धरूनच. घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसायचा, पेपर वाचायचा, विचारलं तर हं म्हणायचा. यशोदेने मनाची समजूत घातली, की एकटं राहून राहून बिचाऱ्याची बोलण्याची सवयच मोडली. खानावळीचं खाऊन जीभ मेली असेल म्हणून ती आठवड्यातून दोनदा बांगड्याचं तिखलं करी. तो मुकाट्याने जेवी. बरं झालंय असं काही एकदाही म्हणाला नाही.

यंदा दीपिकाची बाळंतपणाची रजा संपली, नातवाला सांभाळायला माणूस हवं झालं, आणि तिने दोघांची विमानाची तिकिटं काढून पाठवली. चिपीहून मुंबई, मुंबईहून नागपूर. चिपीचं विमान छोटं, एसटीहून थोडं मोठं म्हणा, पंख्यांचं. ते वर उठलं तशी यशोदेने नवऱ्याचा हात घट्ट धरला. खाली आपलं घर, आपली विहीर दिसते का, ती शोधत होती. त्याला दाखवायला वळली, तर गुरुदास डोळे मिटून बसलेला. भ्याला असेल, तिला वाटलं.

मुंबईत उतरल्यावर कळलं, नागपूरचं विमान दुपारवरून रात्रीवर गेलं. यशोदेने बाकड्यावर पिशव्या लावून बसायची तयारी केली. गुरुदास मात्र उभाच. दोनदा दारापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "चल गो, खोलीवर जावन येवया."

बाईमाणसाने खोलीवर जावं का, असं तिच्या मनात आलं. पण जायचं तिला होतंच. हा माणूस कसा राहिला, कुठल्या कोपऱ्यात निजला, ते एकदा डोळ्यांनी पाहिलं असतं तर त्याच्या अबोल्याचा रागच उरला नसता.

रविवार होता, खोली भरलेली. दारात गुरुदास दिसला मात्र, आतून एकच गलका झाला, "बुवा इले!" कोण बुवा, म्हणून यशोदेने मागे वळून पाहिलं. बुवा म्हणजे तिचा नवरा. मंडळाच्या भजनाचा बुवा. ते आज तिला कळत होतं.

तिला पत्र्याच्या पेटीवर मानाने बसवलं. भाई म्हणून खोलीतला सर्वांत जुना गडी, त्याने पाण्याचा तांब्या दिला आणि कौतुक सुरू केलं. बुवांच्या हातचं तिखलं शेजारच्या चाळीपर्यंत ठाऊक होतं म्हणे. दर रविवारी तेच रांधायचे. भांडणं झाली तर तेच मिटवायचे, आणि नकला तर अशा करायचे की माणसं पोट धरून लोळायची. वहिनी, तुम्ही त्यांना घेऊन गेलात आणि खोली सुनी पडली, असं भाई म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला.

गुरुदासने तोवर शर्ट खुंटीला टांगला होता. खुंटी त्याचीच असणार. हात न बघता गेला. मग बनियनवर बसून तो बोलू लागला. तीन वर्षांत घरी बोलला नसेल इतका तासाभरात बोलला. हसला. बाजाची पेटी पुढ्यात ओढून भजनातला एक गजर म्हटला, तेव्हा त्याचा गाता आवाज ऐकून यशोदेचे डोळे भरून आले. आवाज गोड होता म्हणून नव्हे. तिने तो कधी ऐकलाच नव्हता म्हणून.

सगळे चहाच्या नादात असताना तिने हळूच विचारलं, "तुमी तर दिस ढकलतंय म्हणा होतात."

गुरुदासचा चेहरा उतरला. बशीकडे बघत तो म्हणाला, "हंय माका बरा वाटता, असा सांगलंय असतंय तर तुका वायट वाटला असता म्हणान."

खोटं बोलला तो तिच्यासाठीच. तिला रागही धरता येईना. एवढंच, की त्या सगळ्या वर्षांत एकटी होती ती फक्त यशोदा.

निघायची वेळ झाली. शनिवारी मंडळाचं भजन, बुवांनी तेवढं करूनच जावं, असा पोरांनी हट्ट धरला. गुरुदास नाही नाही म्हणत होता आणि तिच्याकडे बघत होता. जत्रेत खेळण्यापुढे उभं राहिलेलं मूल आईकडे बघतं ना, तसं.

"तुमी रवा हंय," यशोदा म्हणाली. "मी जातंय फुडे."

"एकटी तुका जमतला?"

"माका सवय आसा."

तो आणखी एकदा तरी नको म्हणेल, असं तिला वाटलं होतं. तो शर्ट घालत होता.

टॅक्सीने तिला सोडायला आला. तिकीट कुठे दाखवायचं, पिशव्या कुठे द्यायच्या, पट्टा कसा लावायचा, सगळं वाटभर नीट समजावलं. जपून जा, म्हणाला नाही, पण पोचल्यावर फोन कर, म्हणाला. आत शिरल्यावर तिने काचेतून वळून पाहिलं. टॅक्सी त्याने थांबवूनच ठेवली होती.

विमानात बसते न बसते तोच दीपिकाचा फोन आला. नीट बसलात ना गो दोघं, ती विचारत होती.

"मी बसलंय," यशोदा म्हणाली. "बाबा तुझे घराक गेले."